पॉलिश मुरू द्यावं लागतं

मंगळवार, ४

मशीन सुटलं ते सुटलंच. बटण लॉक केलेलं होतं, त्यामुळे हातातून निसटल्यावरही ते थांबलं नाही. टेम्पोच्या बॉनेटवर त्याने दोन गिरक्या घेतल्या, काचेला डोकं आपटलं, परत फिरलं, आणि जिथे टेकलं तिथेच गरगरत राहिलं. मी बटणाकडे हात नेला. अंगठा मिटला नाही. दुसऱ्या हाताचाही मिटला नाही. पलीकडच्या खोलीतून हिने प्लग काढला तेव्हा शांतता झाली.

प्लग हिच्या खोलीत आहे. गॅरेजमधला जळून पाच वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या मशीनची तार खिडकीतून हिच्या शिलाईच्या खोलीत जाते. दोन्ही मशीन एकदम चालवली की फ्यूज उडतो. म्हणून एक चालतं तेव्हा दुसरं थांबतं. संसारही साधारण तसाच चाललेला आहे.

टेम्पो मेहुण्याचा. हिचा धाकटा भाऊ. फरशांचं दुकान आहे. तो तिथेच बिस्किट खात उभा होता. बॉनेटवर बशीएवढं टक्कल पडलं होतं. खालचा पत्रा दिसत होता.

"भाऊजी," तो म्हणाला, "मी चमकवायला सांगितलं होतं. सोलायला नाही."

संध्याकाळी ही मला हाडांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. दोन्ही अंगठ्यांचे सांधे झिजलेत. बोटांचे सुजलेत.

"काम काय करता?"

"गाड्या पॉलिश करतो. मशीनने. तीन किलोचं आहे. तेहतीस वर्षं झाली."

"दाबून?"

"न दाबता कसं होईल?"

डॉक्टरबाईंनी हिच्याकडे पाहिलं. हिने छताकडे पाहिलं.

हलकं मशीन घ्यायचं. वीस मिनिटं काम, वीस मिनिटं आराम. दुपारी जेवण झालं की गोळी. गोळीने झोप येईल, तेव्हा झोपायचं. आणि दुखणं रोज लिहून ठेवायचं.

"दहापैकी किती दुखतंय?"

"पेपर कोणी तपासलाय त्यावर आहे."

"लिहा," त्या म्हणाल्या.

वही हिने दिली. मापांची जुनी वही आहे. पुढच्या पानांवर कोणाकोणाची छाती, कंबर, बाही. मागची पानं कोरी होती, ती माझी.

सकाळी मूठ वळायला लागलेला वेळ: चाळीस मिनिटं. दुखणं: सात.

शुक्रवार, ७

नवीन मशीन आलं. खेळणं आहे. जुनं एका जागी सरळ फिरायचं. हे फिरतं आणि फिरताना डोलतंही. मी जरा जोर दिला की पॅड फिरायचं थांबतं आणि नुसतं थरथरतं. ती थरथर कोपरापर्यंत येते. दुकानदाराला फोन केला, मशीन सदोष आहे. तो म्हणाला, दाबू नका. मी म्हटलं, मी कोण आहे ते तुम्हाला माहीत नसावं.

ही खिडकीत उभी होती.

"दाबता कशाला?" ती म्हणाली. "सुईला कोणी दाबतं का? कापड आपलं आपण जातं. हाताने नुसती वाट दाखवायची."

"कापड आणि पत्रा यांत फरक असतो."

"असतो," ती म्हणाली. "कापड तक्रार करत नाही."

वेळ: पस्तीस मिनिटं. दुखणं: सात. रागाचा अर्धा गुण वेगळा.

शनिवार, ८

आज दोन गोष्टी झाल्या.

मेहुणा टेप घेऊन आला आणि गॅरेज मोजू लागला. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाला, सहज. टेपचं एक टोक त्याने मलाच धरायला दिलं. मोजून झाल्यावर बसला.

"भाऊजी, वय झालं की माणसाने बसून काम करावं. दुकानात या. गल्ल्यावर खुर्ची आहे, पंखा आहे. लोक येतात, फरशी दाखवायची, झालं."

"आणि गॅरेज?"

"गॅरेजचं काय? रिकामंच राहील. मी आपल्या चार फरशा ठेवीन."

"किती?"

"अकराशे पेट्या," तो म्हणाला.

ही आतून म्हणाली, "त्याच्या दुकानात बसलात तर आठ दिवसांत दोघांपैकी एक जण माझ्याकडे रडत येईल. कोण ते सांगता येत नाही."

एवढ्यात दुसरी गोष्ट दारात येऊन थांबली. काळी गाडी. बावीस वर्षांची, लांबलचक, अंगभर ओरखड्यांची जाळी. उन्हात पाहिलं तर कोळ्याने घर केल्यासारखी. चालवणाऱ्या बाई उतरल्या. आम्ही त्यांना ओळखतो. सगळेच ओळखतात. जजबाई. निवृत्त झाल्यात, पण ते त्यांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

"काळा रंग करता?"

"करतो."

"सगळे 'करतो' म्हणतात. मग गाडी उन्हात नेली की गोल गोल जाळी दिसते. मला त्यात माझा चेहरा दिसला पाहिजे. जाळीमागचा नको. जाळीमागचे चेहरे मी खूप पाहिलेत."

मी म्हटलं, "मॅडम, या गाडीला माझ्याशिवाय कोणाचा हात लागणार नाही."

"हात कोणाचा हे मी विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "अठरा तारखेला अकरा वाजता येईन. टॉर्च घेऊन."

त्या गेल्यावर मेहुण्याने टेप गुंडाळला. "मग ठरलं. गाडी पास झाली तर मी गॅरेजचं नाव काढणार नाही. नापास झाली तर किल्ली माझी, खुर्ची तुमची."

मी हो म्हटलं. हात मिळवला. अंगठ्यातून कळ डोळ्यापर्यंत गेली. मी हसून दाखवलं.

दुखणं: हात मिळवण्याआधी सहा, नंतर नऊ.

सोमवार, १०

गाडी धुतली, कडांना चिकटटेप लावली, छतापासून सुरुवात केली. वीस मिनिटं म्हणता पंचवीस झाली. मशीन थरथरत होतं, मी दाबत होतो, पॅड थांबत होतं. दोघंही हट्टी. शेवटी खाली उतरून पाहिलं. जाळी होती तशीच. वर माझी नवीन जाळी.

बोटं उघडून मशीन ठेवायला हिला बोलवावं लागलं. ती एकेक बोट सोडवत होती. काही बोलली नाही. हे वाईट लक्षण आहे.

जेवलो, गोळी घेतली. दोन वाजता झोपलो. झोपेत हिच्या मशीनचा आवाज येत होता. काहीतरी मोठं शिवत असावी. पडदे असतील.

चारला उठवलं. चहा घेतला. गॅरेजमध्ये जायची इच्छा नव्हती, गेलो नाही.

वेळ: पंचेचाळीस मिनिटं. दुखणं: आठ.

मंगळवार, ११

नीट लिहून ठेवतो, कारण नंतर माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी छत पाहिलं. स्वच्छ. जाळी नाही. कालची नाही, बावीस वर्षांचीही नाही. टॉर्च लावली. टॉर्चचा एकच ठिपका दिसला, बाजूला एक रेघ नाही. आत गॅरेजच्या छतावरची पाल दिसत होती, पाय मोजता येतील अशी.

म्हणजे काल मी जे पाहिलं ते चुकीचं पाहिलं. थकलेल्या माणसाला सगळं वाईट दिसतं.

हिला बोलावलं. तिने मान वाकडी करून पाहिलं. "छान झालंय की," म्हणाली.

"बघितलंस? आणि म्हणे दाबू नका."

"चुकलंच माझं," ती म्हणाली.

त्याच उत्साहात पुढचं डावं दार घेतलं. दारावर दम लागला. दुपारी पाहिलं तर दार भिकार दिसत होतं. झोपलो. आज पुन्हा शिलाई चालू होती. एकसारखी, न थांबता. हिचा पाय काही थकत नाही.

दुखणं: सहा.

बुधवार, १२

दार स्वच्छ.

आता मला कळलं. तेहतीस वर्षं हे काम केलं आणि आज कळलं. पॉलिश मुरावं लागतं. लावल्या लावल्या ते दिसत नाही. दोन-तीन तास रंगात उतरतं, मग जाळी आपोआप जाते. जुन्या मशीनच्या उष्णतेत हे लगेच व्हायचं, म्हणून कधी लक्षात आलं नाही. नवीन मशीन थंड आहे. त्याला वेळ द्यावा लागतो.

मेहुणा आला होता, प्रगती पाहायला. प्रगती पाहून खट्टू झाला. मी त्याला मुरण्याचं तत्त्व समजावून सांगितलं.

"पण भाऊजी, फरशीचं पॉलिश तर मुरत नाही."

"फरशी आणि गाडी यांत फरक असतो."

आत हिला ठसका लागला. मी पाणी घेऊन गेलो. चष्म्यावर पांढरे ठिपके होते.

"हे काय?"

"खडू," ती म्हणाली. शिंप्याचा खडू. कापड आखताना भुगा उडतो.

मी तिलाही सांगितलं, ब्लाउज शिवून झाला की लगेच देत जाऊ नकोस. दोन तास ठेव. कापडसुद्धा मुरत असेल, कोणी पाहिलंय? तिने विचार करते म्हणून सांगितलं.

वेळ: तीस मिनिटं. दुखणं: पाच.

गुरुवार, १३

बॉनेट. सकाळी पंधरा मिनिटंच काम केलं. मुरण्यावर विश्वास असला की माणूस घाई करत नाही.

दुखणं: पाच.

शुक्रवार, १४

वयाचं काहीतरी होतंय. मशीनला बाजूने एक हँडल असतो. डावीकडे लावायचा, डाव्या हाताने धरायचा, उजवा हात बटणावर. आज पाहतो तर हँडल उजवीकडे. मीच लावला असणार. काल अंगठा दुखत होता, तेव्हा बदलून पाहिला असेल आणि विसरलो. काढून डावीकडे लावला. आटे घट्ट होते, चांगलीच ताकद लागली. मी घट्ट केले असतील तर माझ्या हातात ताकद आहे, हेही त्यातून सिद्ध होतं.

दुसरा पुरावा. शर्टाची बटणं आज एका झटक्यात लागली. गेले दोन महिने प्रत्येक बटणाशी कुस्ती होती. आज पाचही सुळकन काजात गेली. हिला दाखवलं. काढून पुन्हा लावून दाखवलं.

"औषध लागू पडतंय," ती म्हणाली.

"औषध कसलं? काम. काम हेच औषध."

पॅडच्या मागच्या चकतीवर पांढरी ठळक रेघ आहे. कारखान्याची खूण असावी. आधी दिसली नव्हती. चालू मशीनमध्ये रेघ फिरताना दिसते. मी दाबलं की रेघ थांबते. निरुपयोगी खूण. पुसून टाकली.

पॅडही मी समजत होतो त्यापेक्षा जास्त स्वच्छ आहेत. धुतल्यासारखे.

दुखणं: चार.

शनिवार, १५

एक बाई आल्या, शाळेच्या गणवेशांचं विचारायला. चाळीस गणवेश, सोमवारी द्यायचे आहेत, अजून अर्धेही झाले नाहीत. हिने त्यांची समजूत घातली.

त्या गेल्यावर मला बोलावंच लागलं. "रोज दुपारी दोन दोन तास मशीन धडधडत असतं. मी झोपेत ऐकतो. मग कपडे जातात कुठे?"

"कापड जाड आहे," ती म्हणाली.

"वेळेचं नियोजन हवं. माझ्याकडे बघ. वीस मिनिटं काम, वीस मिनिटं आराम, आणि गाडी कुठल्या कुठे आली."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. बघ म्हणालो होतो म्हणून असेल.

नंतर मला तिचा धागा कापून द्यावासा वाटला. तिची कात्री घेतली. चालली नाही. डावखुऱ्यांची कात्री आहे, आपल्या हातात नुसतं कापड चावते. ती म्हणाली राहू द्या, मी राहू दिलं.

हँडल पुन्हा उजवीकडे होता. डॉक्टरबाईंना विसरण्याबद्दलही विचारलं पाहिजे.

दुखणं: चार.

सोमवार, १७

उजव्या बाजूचा मागचा कोपरा सोडून गाडी पूर्ण.

ही सकाळपासून गणवेशांच्या इस्त्रीत होती. काल दिवसभर शिवत होती, मी गाडीला सुट्टी दिली होती. दुपारी गठ्ठा घेऊन शाळेत निघाली. दारातून परत आली.

"अहो, कोपऱ्याला आज हात लावू नका. आराम करा. मी येईपर्यंत."

"तू आल्यावर काय होणार आहे?"

"काही नाही. चहा होईल."

ती गेली आणि मी विचार केला, उद्या अकराला जजबाई येणार, मुरायला वेळ हवा. लावलं मशीन. फ्यूजची चिंता नव्हती, तिचं मशीन बंद होतं. सलग पन्नास मिनिटं काम केलं. पूर्वीसारखं. छातीने वजन दिलं. घामाने बनियन भिजलं. शेवटच्या दहा मिनिटांत बोटं कुठे संपतात आणि मशीन कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. या गाडीवरचं माझं सगळ्यात चांगलं काम आहे.

गोळी घेतली, पण खोलीत गेलो नाही. गाडीशेजारी खुर्ची टाकून बसलो. मुरताना प्रत्यक्ष पाहायचं होतं. नेमकी तिथेच झोप लागली.

जागा झालो तर ही समोर उभी. कोपऱ्याकडे बघत होती. पिशवी अजून हातात होती.

"कसं वाटतं?" मी विचारलं.

"तुम्ही केलं?"

"मग काय पालीने केलं?"

"मुरेल ना?" ती म्हणाली.

"उद्यापर्यंत मुरेल."

ती म्हणाली, तुम्ही आत जाऊन पडा जरा. मी म्हटलं, आज मी इथेच बसणार. ती म्हणाली, डास आहेत. मी म्हटलं, असू देत. दिवा लावायची वेळ झाली तेव्हा मी शटर ओढून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. मेहुण्यावर माझा भरवसा नाही.

दुखणं: नऊ. पण समाधानाचं.

मंगळवार, १८

अकराला पाच मिनिटं असताना जजबाई आल्या. मेहुणा साडेदहालाच आला होता. टेम्पो घेऊन. टेम्पोत काही पेट्याही होत्या. "रिकामा कशाला आणायचा," म्हणाला.

जजबाईंनी शटर खाली ओढायला सांगितलं. अंधार झाला. टॉर्च लागली.

छत पाहिलं. पाच मिनिटं. बॉनेट पाहिलं. वाकून एकदा समोरून, एकदा बाजूने. टॉर्च बंद करून पुन्हा लावली. डावी दारं. डिकी. टॉर्चचा ठिपका काळ्या पत्र्यावरून असा सरकत होता की पाण्यात चंद्र. मेहुण्याचा श्वास ऐकू येत होता.

"उत्तम," त्या म्हणाल्या. मी मेहुण्याकडे पाहिलं. अंधारात दिसला नाही, पण पाहिलं.

मग टॉर्च उजव्या मागच्या कोपऱ्यावर गेली आणि थांबली.

ठिपक्याभोवती सगळीकडे जाळी उठली. गोल गोल, बारीक, चमचमणारी. जणू कोणी घासणीने भांडं घासलंय.

"या गाडीवर दोन हात चाललेत," जजबाई म्हणाल्या.

"बरोबर," मेहुणा म्हणाला, "भाऊजींना दोनच आहेत."

"तुम्ही पक्षकार आहात का?"

"नाही, मी मेहुणा."

"मग गप्प बसा."

मी पुढे झालो. "मॅडम, सगळं मीच केलंय. सुरुवातीपासून. हा कोपरा कालचा आहे, तो अजून मुरलेला नाही."

"काय झालेला नाही?"

मी सगळं सांगितलं. थंड मशीन, रंगात उतरणं, दोन-तीन तास. सकाळी वाईट दिसणं, दुपारी झोपणं, दुसऱ्या दिवशी स्वच्छ होणं. छताचं सांगितलं, दाराचं सांगितलं. वही आणून तारखा वाचून दाखवल्या.

मी थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी साक्षी ऐकल्या. खोटं बोलणारा माणूस आपल्याच विरुद्ध इतका पुरावा देत नाही. तुम्ही अगदी खरं बोलताय. तेच अवघड आहे."

शटर अर्धं वर झालं. ही चहाचा ट्रे घेऊन आत आली. उजेड तिच्या तोंडावर होता. जजबाईंनी तिच्याकडे पाहिलं. कप घेतला. ट्रे तिने उजव्या हातावर तोलला होता आणि डाव्या हाताने कप पुढे करत होती. तिची ती पद्धतच आहे.

"तुमच्या चष्म्यावर ठिपके आहेत," जजबाई म्हणाल्या.

"खडू आहे," मी म्हटलं. "ही शिवणकाम करते."

"खडू," ही म्हणाली.

जजबाईंनी बोट पुढे करून काचेवरचा एक ठिपका पुसला. बोट चोळलं, वास घेतला. मग चहा घेतला. सगळा संपवला.

"निकाल राखून ठेवते," त्या म्हणाल्या. "कोपरा उद्या सकाळी दहाला पाहीन. आज दुपारी मुरू द्या." जाताना माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही झोपा. डॉक्टरांनी सांगितलंय ना? झोपायचं."

मेहुणा म्हणाला, एक दिवसाची मुदत ठरली नव्हती. ही म्हणाली, "तू पेट्या घेऊन घरी जा. जेवून जा आणि घरी जा."

दुपारी गोळी घेतली नाही. खिशात ठेवली. कधी कधी माणूस विसरतो, तसंच समजा. पडलो. भिंतीकडे तोंड केलं.

सव्वादोनला आवाज सुरू झाला.

तेहतीस वर्षं शेजारच्या खोलीत शिलाई मशीन ऐकतोय. ते शिवण संपली की थांबतं. कापड फिरवलं, थांबलं. दोरा कापला, थांबलं. हा आवाज थांबत नव्हता. लांब जात होता, परत येत होता. जात होता, येत होता.

उठलो. अनवाणी हिच्या खोलीपर्यंत गेलो. शिलाई मशीनवर झाकण होतं. माझी तार प्लगमधून खिडकीपलीकडे गेली होती. खिडकीशी उभा राहिलो.

कोपऱ्यावर तिने खडूने चौकोन आखले होते. ब्लाउजचं कापड आखते तसे. एक चौकोन आडवा, मग तोच उभा, मग पुढचा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी. पदर खोचलेला. चकतीवर रेघ फिरत होती, एकदाही थांबली नाही. हँडल उजवीकडे होता.

ती दाबत नव्हती. एवढंच लिहितो.

परत येऊन झोपलो. चारला तिने उठवलं.

"लागली का झोप?"

"गाढ," मी म्हटलं. "तुझं मशीन चालू होतं का?"

"हो. जाड कापड होतं."

"जाड कापडाला वेळ लागतोच."

तिने चहा दिला. मी कप घेतला. शर्ट घालताना पाहिलं, काजं सगळी मोठी केलेली आहेत. कडेने पुन्हा शिवलेली, बारीक, आतल्या बाजूने. दिसणार नाहीत अशी.

दुखणं: लिहायचं राहिलं.

बुधवार, १९

सकाळी मूठ वळायला वीस मिनिटं लागली. जजबाई दहाला आल्या, कोपरा पाहिला, गाडी घेऊन गेल्या. मेहुण्याला फोन करून फरशांसाठी दुसरी जागा बघायला सांगितलं. साडेअकराला एक पांढरी गाडी आली. ती धुतली, कडांना टेप लावली. मशीनचा हँडल काढून उजवीकडे लावला, हिच्या डब्यातला खडू बॉनेटवर ठेवला, आणि जेवायला आत गेलो.